जमिनीवर चालवून पाहिलेलं इंजिन

माझ्या भावाचं लग्न व्हावं म्हणून आम्ही इंजिन शोधत होतो. हसू येत असेल तर हसा बापडे. आमच्या अकोले तालुक्याच्या डोंगरात पोरांची लग्नं कशानं अडतात न् कशानं जमतात, हे इथं राहून बघितल्याशिवाय कळायचं नाही. भात चांगला होतो, धरण बघायला मुंबईची माणसं येतात, फोटो काढतात, हवा छान आहे म्हणतात. पण मुलगी द्यायची वेळ आली की जो तो बाप खाली संगमनेरकडे नाहीतर नाशिककडे बघतो. भाऊ चाळिशीला टेकला होता आणि स्थळं यायची कधीच थांबली होती. मी त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आले, अंगणवाडीत लागले, आणि आईवडील गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. गावातल्या बायका मला तोंडावर म्हणायच्या, तू भाकरी थापून घालतेस म्हणून त्याला बायकोची गरज वाटत नाही. असल्या बायकांना मी चहासुद्धा विचारत नाही.

भाऊ जीप चालवायचा. गावातून घाट उतरून तालुक्याला आणि परत. कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, कुणाची दुधाची किटली, कुणाची कोंबडी. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि ह्यात तो चोख होता.

स्थळ आणलं मावशीनं. मावशी खाली कोपरगावकडे दिलेली, उसाच्या पट्ट्यात. तिच्या शेजारी एक बाई होती, पहिलं लग्न मोडून भावांकडे परत आलेली, शिवणकाम करून आपलं आपण बघणारी. मावशीच्या ओट्यावर आम्ही भेटलो. मला ती बघताक्षणी आवडली, कारण ती लाजली नाही. चहाचा कप खाली ठेवून तिनं भावाला सरळ विचारलं, "गाडी चालती हाय ना तुमची?"

भाऊ म्हणाला, "रोज घाट चढती."

"मग ठीक हाय. मला शेती नको न् बंगला नको. पहिल्या घरी दारात ट्रॅक्टर हुता, बंद पडल्याला. माझा नवरा दिवसभर त्याच्या सावलीत झोपायचा. आधी इंजिन बंद पडलं, मग मानूस. तसलं पुन्यांदा बघायचं न्हाई मला."

तिचे भाऊ बाजूला बसून हसले, बाईमाणूस इंजिनाचं बोलतंय म्हणून. माझा भाऊ हसला नाही. त्यानं मान हलवली. घरी येताना घाटाच्या वर आल्यावर म्हणाला, "आक्का, समजूतदार वाटती." एवढं बोलायला त्याला सगळा घाट लागला.

मग त्यांचं फोनवर बोलणं सुरू झालं. आमच्या घरात रेंज येत नाही. देवळामागच्या टेकाडावर चढावं लागतं. भाऊ रोज संध्याकाळी दाढी करून टेकाडावर जायचा. फोनवर बोलायला दाढी कशाला लागते रे, असं मी एकदा विचारलं, तर मानेपर्यंत लाल झाला.

आणि अशातच जीप गेली. घाटात पाण्याचा पाईप फुटला, गरमीचा काटा वर गेला, आणि गाडीत बाळंतपणाला निघालेली पोर होती म्हणून भावानं गाडी थांबवली नाही. पोर वेळेत दवाखान्यात पोचली. इंजिन दवाखान्याच्या दारात जाम झालं ते झालंच. तालुक्याच्या मिस्त्रीनं ते उघडलं, आत बोट फिरवलं आणि सांगितलं की ह्याला आता भंगाराच्या तराजूवरच घालायचं, ह्याचा नाद सोडा. मिस्त्री तोंडाचा फटकळ, स्वतःची टिमकी वाजवणारा, पण खोटं सांगायचा नाही.

मी भावाला म्हणाले, तिला सांगून टाक. खरं सांगितलं तर बाई थांबेल.

"घाबरंल ती. बंद इंजिनाला किती भेती, तू ऐकलं न्हाईस का? गाडी दुरुस्त झाली की सगळं सांगीन. आत्ता नको." त्यानं तिला एवढंच सांगितलं की गाडीचं थोडं काम निघालंय, गॅरेजला लावलीय, झाली की मीच तुम्हाला घर बघायला न्यायला येतो. ती म्हणाली, बरं, येते. तिच्या येण्यावर सगळं होतं. घर बघून तिनं हो म्हटलं की सुपारी फोडायची, असं ठरलेलं.

नवीन इंजिन आमच्या ऐपतीतलं नव्हतं. म्हणून मिस्त्रीला घेऊन आम्ही नगरला गेलो. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, आमच्या तोंडात नगरच येतं. शहराबाहेर जुन्या गाड्या तोडणाऱ्यांची रांग आहे. तिथं गाड्यांचे दरवाजे एकीकडे, टायर एकीकडे, आणि ताडपत्रीखाली इंजिनांची रास. मला ते बघून कसंतरी झालं. बाजारात जनावरं बांधतात तशी ती ओळीनं मांडलेली, आणि विकणारा प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "चालू गाडीतलं हाय, ताई."

मिस्त्रीनं एकेकाचं ऑईलचं टोपण उघडून आत बघायला सुरुवात केली. टोपणाच्या आतून पांढरा लोण्यासारखा थर असला की समजायचं, ऑईलमध्ये पाणी शिरलंय. तसली दोन-तीन त्यानं लगेच बाद केली. भाऊ त्याच्या मागून प्रत्येक इंजिनाला पाना लावून हातानं फिरवून बघायचा. कुठं अडतंय का, कुठं ढिलं लागतंय का. डोळे मिटून फिरवायचा. मिस्त्री वैतागला. म्हणाला, "अरे बाबा, सेकंड हँडच घ्यायचंय ना? एवढं काय बघतो? बायको बी सेकंड हँड, इंजिन बी…"

पुढचं त्याला मी बोलू दिलं नाही. त्या रांगेतले सगळे भंगारवाले ऐकतील अशा आवाजात मी त्याला सुनावलं की तुमच्या तोंडाला आधी एक फिल्टर बसवून घ्या, मग दुसऱ्याच्या इंजिनाला हात लावा. मिस्त्रीनं पुढचं टोपण उघडलं. भावानं मात्र वर बघितलंच नाही, पाना फिरवत राहिला. त्याला ते लागलं होतं, मला माहीत आहे.

शेवटी एक इंजिन मिळालं. मागून ठोकलेल्या गाडीतलं होतं. पुढची बाजू धड, रेडिएटर धड, पाणी स्वच्छ, टोपणाखाली काही नाही. मिस्त्रीनं त्याचे नोझल काढून कॉम्प्रेशनचं मीटर लावलं, चारही ठिकाणी काटा जवळपास सारखा आला. भावाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा जीव आला. मी विकणाऱ्याला विचारलं, "ह्या गाडीत कोण होतं? वाचले का?"

तो म्हणाला, "ते आपल्याला काय करायचं, ताई."

मला ते इंजिन नको वाटलं. तसं मी भावाला बाजूला घेऊन बोलले. तो म्हणाला, "इंजिनाला काय म्हाईत, आक्का. ते बिचारं चालत हुतं." मग आम्ही ते टेम्पोत घातलं.

दुसऱ्या दिवशीपासून तयारी सुरू झाली. मिस्त्रीला ते लगेच जीपमध्ये चढवायचं होतं, पण भाऊ ऐकेना. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, तसं त्याचं झालं होतं. आधी त्यानं इंजिनाची सगळी भोकं चिंध्या कोंबून बंद केली, आत कचरा जाऊ नये म्हणून, आणि मग डिझेल नि ब्रश घेऊन बाहेरून ते घासलं. मी अंगणवाडी सुटल्यावर डबा घेऊन एसटीनं गॅरेजवर जायची. वर्षानुवर्षांची चिखलमाती निघून खालचं लोखंड दिसायला लागलं होतं. मग दोघांनी खालचं चेंबर उघडलं. ऑईल साठतं ते पत्र्याचं भांडं. तळाशी काकवीसारखा काळा गाळ होता. भावानं तो बोटांनी चोळून उन्हात धरला. चकाकी दिसली तर बेअरिंग झिजलंय. चकाकी नव्हती. तरीही त्यानं मिस्त्रीला एक बेअरिंग उघडायला लावलं. ते चांगलं निघालं, तर म्हणाला, दुसरं पण बघू.

"तू लग्नाला पोरगी बघतानासुद्धा एवढं विचारलं नसशील," मिस्त्री म्हणाला, आणि लगेच माझ्याकडे बघून जीभ चावली. ह्या वेळी मी हसले. खरंच विचारलं नव्हतं त्यानं. तिनंच विचारलं होतं.

जे काही पुढं त्रास देऊ शकेल ते सगळं त्यांनी बाहेरच बदलून घेतलं. ऑईल सील, बेल्ट, पाण्याचा पंप, सगळे गॅसकेट. मिस्त्रीचं म्हणणं रास्त होतं, की इंजिन बाहेर असताना जे घटकाभराचं काम आहे ते आत गेल्यावर सगळा दिवस खातं. मधे अमावस्या आली. अमावस्येला गॅरेज बंद. भाऊ बंद शटरसमोर जाऊन परत आला.

मग त्यांनी ते जमिनीवर चालवून बघितलं. दोन लाकडी ओंडक्यांवर इंजिन ठेवलं, साखळीनं करकचून बांधलं, बॅटरी जोडली, डिझेलचा कॅन वर टांगला, पाण्याची नळी लावली. चाकं नाहीत, गाडी नाही, नुसतं इंजिन. स्टार्टर फिरला, खोकला, थांबला. पुन्हा फिरला आणि एकदम लागलं. जमीन हादरायला लागली. पांढरा धूर आला आणि हळूहळू निवळला. भावानं हवा बाहेर पडते त्या नळीवर तळहात धरला, आतून दाब मारतंय का बघायला. नव्हतं मारत. मग एक कोरा कागद धुराड्यासमोर धरला, ऑईलचे शिंतोडे येतात का बघायला. कागद कोरा राहिला. तो कागद त्यानं मला आणून दाखवला. माझा जीव भांड्यात पडला. देवा, म्हटलं, होतंय वाटतं ह्याचं. मला रडू आलं आणि मी ते धुरावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन जीपमध्ये उतरवलं. चेन-कप्पीला टांगलेलं ते ओझं बोट-बोट खाली येत होतं आणि भाऊ खालून झोपून बोल्ट जुळवत होता. शेवटचा बोल्ट आवळून तो बाहेर आला आणि त्याच मिनिटाला त्याचा फोन वाजला. तिचाच होता. त्याचे हात कोपरापर्यंत काळे, म्हणून मी फोन त्याच्या कानाला धरला. तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही. त्याचं आलं.

"व्हय… व्हय, गॅरेजवरच हाय… इंजिन बसलं आज. एकदाचं बसलं. सुटलो मी." मग "हॅलो? हॅलो?" आणि मला म्हणाला, "कट झाला."

मी म्हणाले, पुन्हा लाव. तो म्हणाला, "आत्ता नको. घाट चढून बघतो, मग लावतो. घाट चढल्याबिगर गाडी झाली म्हनायचं न्हाई." ते त्याचं नेहमीचंच. खात्री झाल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. लहानपणी पास झाल्याचंसुद्धा त्यानं दोन दिवस घरात सांगितलं नव्हतं, गुरुजींची चूक झाली असेल म्हणून.

मग तो पंधरा-वीस दिवस घाट चढत-उतरत राहिला, टेकाडावर जायचंही त्यानं तोवर थांबवलं. आधी रिकामी गाडी घेऊन, मग भाताची पोती टाकून, मग माणसं घेऊन. रोज घरी आला की टॉर्च घेऊन गाडीखाली शिरायचा, कुठं ऑईल टिपकतंय का बघायला. एक थेंब नाही. नट पुन्हा आवळले, ऑईल एकदा बदललं. पूर्वी ज्या वळणावर जीप पहिल्या गिअरला यायची तिथं आता दुसऱ्यावर चढायला लागली. गावातली माणसं म्हणाली, गाडी नवी घेतली काय रं? तेव्हा कुठं त्याची खात्री पटली. त्यानं जीप धुतली, सीटवर नवी कव्हरं घातली आणि मला म्हणाला, "आक्का, मावशीला फोन लाव. रविवारी आपून जीप घिऊनच जाऊ. आधी तिला सांगायचं न्हाई. दारात गाडी हुबी राहिली की बघंल."

मी टेकाडावर गेले आणि मावशीला फोन लावला. म्हटलं, रविवारी येतोय, न्यायला येतोय.

मावशी मग म्हणाली, "अगं, कशाला येताय आता? काल सुपारी फुटली तिची. साखर कारखान्यातला हाय, बायको वारलेला. मी तुला किती फोन लावले, लागतच न्हाई तुमच्याकडं."

मला काही सुधरेना. मी विचारलं, असं कसं झालं, तिचं तर आमच्याकडे येण्याचं ठरलं होतं ना?

"ठरलं हुतं की. पन गाडी बसली ना तुमची? त्यानंच सांगितलं तिला, इंजिन बसलं, सुटलो म्हनून. पोरीनं फोन ठेवला न् जेवली न्हाई त्या दिवशी. तरी तिनं भावांना थोपवून धरलं, म्हनली, त्यांचा फोन यील. फोन काय आला न्हाई. मग भाऊ म्हनले, बघ, हितं बी इंजिन बसलंच. तुझ्या नशिबालाच बंद गाडी हाय."

मी मावशीला म्हणाले, "अगं, गाडी बंद पडून बसली नाही. इंजिन बसवलं. जुनं काढून दुसरं बसवलं. चाललीय गाडी, घाट चढतीय." मी हे तीनदा सांगितलं असेल. मावशी नुसतं "अगं बाई" म्हणत राहिली. मग म्हणाली, "सुपारी फुटली गं. आता कुनाच्या तोंडानं मोडायची?"

मी तिचा, त्या बाईचा, नंबर फिरवला. तिनं उचलला. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती चिडेल, पण ती चिडली नाही. म्हणाली, "मला वाटलं, लाजेपायी फोन करत न्हाईत. बंद पडल्याला मानूस असाच गप हुतो, मी बघितलंय." मग म्हणाली, "आता त्यांना सांगू नका. सांगून काय हुनार? त्यांना वाटू द्या, दुसरीकडं चांगलं मिळालं म्हनून गेली." आणि रडली. मीही रडले. दोन बायका दोन टोकांना फोन धरून रडत होत्या आणि खाली अंगणात माझा भाऊ जीपची काच पुसत होता.

मी घरी येऊन त्याला एवढंच सांगितलं की दुसरीकडे जमलं तिचं. त्यानं फडकं पिळलं. "बरं," म्हणाला.

त्यानं ते पचवलं असं समजून मला बरं वाटलं होतं, पण ते बरं वाटणं चार दिवससुद्धा टिकलं नाही. तो फेऱ्या मारायचा, घरी यायचा, आणि बॉनेट उघडून उभा राहायचा. इंजिन चालू करून कान लावायचा. मी विचारलं, काय झालं, आवाज येतोय का? म्हणाला, "न्हाई. पन कुनीतरी तिला सांगितलं असनार, इंजिन भंगारातलं हाय म्हनून. न्हाईतर ती अशी जायाची न्हाई. कायतरी कमी हाय ह्यात." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं सकाळच्या फेरीलाच नाही म्हटलं. माणसं स्टॉपवर ताटकळत राहिली. मला म्हणाला, "मिस्त्रीकडं नेतो. उतरवून परत खोलून बघतो."

जे इंजिन घाट दुसऱ्या गिअरवर चढत होतं, ते खोलून हा त्यात दोष शोधणार होता. एक शोधेल, दुसरा शोधेल, आणि जीप पुन्हा दारात उभी राहील. तिचा तो ट्रॅक्टर आणि सावलीत झोपलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला आणि माझं डोकं फिरलं. तिनं सांगू नका म्हटलं होतं ते गेलं चुलीत. मी जीपच्या चावीवर हात ठेवला आणि त्याला सगळं सांगितलं. इंजिनात काही नाही रे, म्हटलं. इंजिन चांगलं आहे. तू म्हणालास, इंजिन बसलं. तिनं ऐकलं, गाडी बसली.

त्याला कळायला वेळ लागला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. अंगणवाडीतलं पोर पाटीवर काय चुकलं ते विचारायला येतं तेव्हा असंच बघतं.

"मंग मी काय म्हनायला पायजे हुतं?"

"बसवलं म्हणायचं होतंस."

त्यानं मान हलवली. ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितलं, मग नीट मोठ्यानं म्हणाला, "इंजिन बसवलं." ऐकायला मी एकटीच होते. मी म्हणाले, हो, असं. मग त्यानं माझ्या हाताखालची चावी काढून घेतली आणि तो फेरीला गेला.